पाळणाघरामागचे कानसेन

*दर्जा: उत्तम. घसरणी: दोन. दोष: शेवटाकडे मुले रडतात.*

रडणाऱ्या मुलाला दोष म्हणणारी माणसं जगात असतात, हे मावशींना त्या दुपारी कळलं. तोवर त्यांना वाटत होतं, खिडकीमागे उभे राहणारे हे गृहस्थ रेल्वेचे असतील, काहीतरी मोजत असतील, आणि त्या मोजण्यातून एक ना एक दिवस आपलं भलं होईल. माणूस कानाला यंत्र लावून गंभीर चेहऱ्यानं उभा असला की उगाच वाटतं, हा कामाचा असणार.

मावशी म्हणजे पाळणाघरवाल्या मावशी. सख्खी भाची एकच, पण अर्ध्या गल्लीच्या त्या मावशी. घराच्या मागच्या लांब खोलीत मुलं दुपारी झोपत. खोलीच्या खिडकीबाहेर हातभर बोळ, मग कमरेइतकी भिंत, मग खडी, मग रूळ. रुळांचं कुणाला काही नव्हतं. धावत्या गाड्यांना मुलं सरावलेली होती. दुखणं होतं सिग्नलचं. वरच्या स्टेशनात जागा मोकळी होईपर्यंत मालगाडी बरोबर खिडकीमागे थांबवून ठेवत, आणि चढ सुरू होत असे तोही नेमका तिथंच. सिग्नल पडला की कोळशानं भरलेली ती लांबलचक गाडी दोन डिझेल इंजिनांना जागेवरून उठवावी लागे. मग खिडकीची तावदानं, फडताळातल्या दुधाच्या बाटल्या आणि मुलांच्या बरगड्या एका सुरात थरथरायला लागत.

तर त्या दुपारी गाडी सुटली, सगळी मुलं एकदम उठून रडायला लागली, आणि खिडकीच्या गजांतून एक हात आत आला. त्याचं एक बोट 'शू' म्हणत होतं.

हात होता खिडकीमागे गाडीचा आवाज टिपणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांचा. त्यांच्या मित्रांत त्यांना भोंगा म्हणत, कारण कुठल्याही इंजिनाचा आवाज ते तोंडानं काढून दाखवत, कुणी म्हटलं नाही तरी. मालगाडीची शेवटची वाघीण दूर जाईपर्यंत हात तसाच राहिला. मग भोंग्यांनी अदबीनं सांगितलं, की गाडी पूर्ण जाईपर्यंत मुलांना उठवत जाऊ नका, शेपूट खराब होतं.

"शेपूट तुमचं की गाडीचं?" वहिनींनी विचारलं.

वहिनी म्हणजे मावशींच्या दिवंगत भावाची बायको. दूध, धुणं आणि तोंड ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती.

*दर्जा: अत्युत्तम. घसरणी: तीन. दोष: कोणी बाई "शेपूट" म्हणते.*

खिडकीमागच्या या लोकांचं मंडळ होतं. अवजड नाद मंडळ. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, बाकीचे असेच बऱ्या परिस्थितीतले, घरात कुणाला नको झालेले. खिशाखिशांचे कोट, पायात डोंगरावर जायचे बूट, बसायला घडीच्या खुर्च्या. काठीच्या टोकाला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपडं चढवलेला माइक. पाळणाघरातल्या एका मुलीनं त्या माइकला माऊ ठरवून गजांतून बिस्कीट भरवायचा प्रयत्न केला होता. त्या ध्वनिमुद्रणाचा दोष काय लिहिला असेल, देव जाणे.

गाडी दिसली तरी त्यांना ती बघायची नसे. डोळे मिटून घेत. भरधाव गाडीत त्यांना गोडी नव्हती आणि विजेच्या इंजिनाचं नाव काढलं तर घरात सुतक आल्यासारखी तोंडं करत. त्यांना हवं असे डिझेल, तेही ओझ्यानं वाकलेलं. ड्रायव्हरनं हँडल आठव्या खाचेवर, म्हणजे शेवटच्या, नेलं की एकमेकांना कोपरानं ढोसत. आणि सगळ्यांत मोठा प्रसाद म्हणजे घसरण. ओझं पेलवेना झालं की इंजिनाची चाकं पुढं न जाता जागच्या जागी गरगर फिरतात, इंजिन किंचाळतं, मग कुठंतरी पकड बसते आणि पुन्हा धापा सुरू होतात. गवयाची तान घसरली तर श्रोते चपला शोधतात. इथं घसरली की माना डोलत, आणि घसरणींवर दर्जा ठरे.

मावशी खिडकीतून हे पाहत, कडेवरचं मूल थोपटत. या मंडळातल्या एकानंही जन्मात चढावर काही ओढलेलं दिसत नव्हतं. भोंग्यांच्या हातातली खुर्चीसुद्धा मोटारीपासून भिंतीपर्यंत त्यांचा जावई आणून देई. दुसऱ्याचा ऊर फुटताना ऐकायला एवढ्या लांबून यायचं, वर त्याला गुण द्यायचे. वहिनींचं मत थोडक्यात होतं: रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. इथं कूड आपला, एवढंच.

*(नर्सबाई, सकाळी, दारातच, दोन्ही हातांत जुळी:)*

"मावशी, झोप होत नाही हो यांची. घरी येऊन रात्रभर किरकिर, मला पहाटे ड्यूटी. महिनाअखेरपर्यंत बघते, मग दुसरीकडे."

नर्सबाईंआधी तिघी गेल्या होत्या. कुणी भांडून गेली नाही, हेच वाईट. भांडणारी परत तरी येते. आता जुळी गेली तर उरणाऱ्या मुलांवर जागेचं भाडंही सुटलं नसतं. पाळणाघर बंद झालं असतं, आणि वहिनींना त्यांच्या लेकाकडे जावं लागलं असतं. लेकाच्या घरी वहिनींना कुठं झोपवायचं यावरून नवराबायकोत आधीच चर्चा झाली होती आणि ती वहिनींच्या कानावर आली होती. त्याबद्दल दोघी बोलत नसत. बाटल्या जरा जास्त वेळ घासत, इतकंच.

मागणी साधी होती. मालगाडी थांबवायचीच तर आधीच्या सिग्नलला थांबवा. तिथं सपाटी आहे, आजूबाजूला विटांच्या भट्ट्या आणि मोकळं रान. तिथून सुटलेली गाडी चढाला लागेपर्यंत चांगली धावती होईल आणि खिडकीमागून एका दमात निघून जाईल. मावशींनी हे स्टेशनात जाऊन तीनतीनदा सांगितलं होतं. तिथले मास्तर भले होते. अर्ज वर गेलाय म्हणायचे, असं की मावशींना तो गेलेला माणूस वाटायला लागला होता. शेवटी मास्तरांनीच सांगितलं, की रुळांची तपासणी करणारे साहेब येत्या आठवड्यात फेरीवर येतायत, त्यांना तुमच्या भिंतीशी थांबवतो, काय ते तोंडानं सांगा.

ही बातमी मंडळाला कशी लागली कोण जाणे. इंजिन लांबून ऐकू येणाऱ्यांना हेही ऐकू आलं असेल.

*इथं मावशी सगळी मुलं घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात.*

बसायच्या खोलीत पंगत मांडतात. एक मूल माशांच्या पेटीत हात घालतं, एक कार्पेटवर मोकळं होतं, जुळी तारस्वरात सुरू होतात, आणि मावशी आतल्या दाराशी उभ्या राहून डॉक्टरांना म्हणतात, डोळे मिटून ऐका, आठव्या खाचेवर आहेत.

असं काही झालं नाही. वहिनींनी सुचवलं होतं, दोघी पोट धरधरून हसल्या होत्या, आणि मग मावशी एकट्याच गेल्या. चांगलं पातळ नेसून, हात जोडायच्या तयारीनं.

दवाखान्यात गेल्यावर पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती शांतता. रस्ता हाकेच्या अंतरावर, पण काचा दुहेरी. भिंतीवर पाटी: कृपया हळू बोला. डॉक्टरांनी त्यांना चांगलं वागवलं, खुर्ची दिली. मावशींनी सगळं सांगितलं. तिघी गेल्या ते, जुळ्यांचं, वहिनींचं सोडून सगळं. साहेब येतील तेव्हा तुम्ही विरोध करू नका, एवढंच मागणं होतं. तुम्हाला काय, चढ मैलभर आहे, वर जाऊन ऐका.

डॉक्टर कळवळले. मुलांसाठी नव्हे. त्यांनी समजावून सांगितलं, की धावती गाडी आणि जागेवरून उठणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशी जागा आसपास दुसरी नाही. चढ तिथंच, सिग्नल तिथंच, वळण असं की आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होतो.

"त्या भिंतीत माझी खिडकी आहे, डॉक्टर."

"तेच तर. तुमची खोली पोकळ असल्यामुळे घुमतो." डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुठं राहता. लोक यासाठी दोन-दोन दिवस प्रवास करून येतात. मुलांचं काय, मुलं मोठी होतात. हा आवाज एकदा गेला की गेला."

मग त्यांनी दुहेरी काचा बसवणाऱ्याचा नंबर दिला. शांतता ही विकत घ्यायची गोष्ट आहे, असंही म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळू बघण्यातच ज्याचा जन्म गेला त्याला ती लावायला कितीसा वेळ. निघताना मावशींच्या दाढेकडे बघून ते म्हणाले, या एकदा, किडायला लागलीय.

*दर्जा:*

साहेब आले तेव्हा सिग्नलला एकही गाडी नव्हती. दुखण्याची रीतच आहे, वैद्य आला की दडून बसायचं.

साहेब किडकिडीत, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. बोळात उभं राहून त्यांनी मावशींचं सगळं ऐकून घेतलं. खिडकीतून आत डोकावून झोपलेली मुलं पाहिली. चेहरा वाईट नव्हता. पण म्हणाले ते असं, की आधीच्या सिग्नलला गाडी धरायची तर गाड्या चालवणारं खातं वेगळं, त्यांना दर गाडीमागे चार मिनिटं जादा लागणार आणि त्यासाठी ते कारण मागणार.

"मुलांचं मला कळतं हो. मलाही आहेत. पण त्यांच्या कागदावर मुलांचा रकाना नाही."

मावशींनी मान हलवली. काही वेळा माणूस नाही म्हणतो आणि त्याच्यावर रागावताही येत नाही. त्या आत वळणार, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी बुटांचा आवाज झाला. मंडळ आलं होतं. पुढं डॉक्टर, मागं भोंगे, त्यांच्या मागं एका सभासदानं कडेवर घेतलेला भला थोरला स्पीकर.

डॉक्टरांनी ओळख करून दिली. सामान्य नागरिकांच्या तक्रारी असतातच, पण या जागेचं मोल काय आहे हे साहेबांसारख्या जाणकाराला वेगळं सांगायला नको, अशी सुरुवात केली. मग स्पीकर भिंतीवर ठेवला आणि बटण दाबलं.

मूळ आवाज परवडला. आत जुळ्यांपैकी एक उठलं, मग दुसरं, मग सगळा वर्ग. वहिनी आत धावल्या. स्पीकरमधलं इंजिन धापा टाकत वर चढत होतं, चढत होतं, मग एकदम चाकं सुटली आणि ते किंचाळलं. मंडळाचे डोळे मिटले.

साहेबांची मान एका बाजूला झाली.

"पुन्हा लावा." ते म्हणाले.

मावशींनी भिंतीला हात टेकला. हेही त्यातलेच. आणखी एक कानसेन, फक्त सरकारी पगारावरचा. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तर वधूपित्यासारखं हसू उमटलं. त्यांनी पुन्हा लावलं. साहेबांनी आता खरंच डोळे मिटले होते. बोट हवेत एकदा हललं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

"हे कुठलं?"

"इथलंच, साहेब. याच भिंतीवरून घेतलंय. घसरण म्हणतो आम्ही याला. ही यंदाची सर्वोत्तम."

"अशा अजून आहेत?"

डॉक्टर हसले. अजून? रोजच्या आहेत, साहेब. पाऊस नसतानाच्या, रिमझिमीतल्या, दोन्ही इंजिनं एकदम घसरलेल्या. एक तर अशी, की गाडी पाच मिनिटं जागची हलली नाही, नुसती चाकं फिरत होती. मंडळात तिला महाघसरण म्हणतात. एवढ्यात भोंग्यांना राहवलं नाही. त्यांनी गाल फुगवले आणि महाघसरण तोंडानं काढून दाखवली, थुंकीसकट. साहेबांनी तीही नीट ऐकून घेतली.

"ड्रायव्हर लोक तर लिहून देतात की इथं काही होत नाही." साहेब म्हणाले.

डॉक्टरांना हे फार लागलं. "ते काय सांगणार? त्यांना घसरू दिल्याबद्दल बोलणी बसतात, मग लपवतात. आम्ही लपवत नाही. आमच्याकडे प्रत्येक मुद्रणाला तारीख आहे, वेळ आहे, इंजिनाचा नंबर आहे. शंका असेल तर ताडून बघा."

साहेबांनी कोट सावरला. ते भिंतीवरून पलीकडे उतरले, खडीतून रुळापर्यंत गेले आणि उकिडवे बसले. अंगठा रुळाच्या माथ्यावरून हळूहळू सरकवत नेला. एका जागी अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा तिथंच थांबला. तिथं रूळ चमच्यासारखा खोलगट आणि निळसर चकचकीत झाला होता. थोडं पुढं आणखी एक खळगा. त्याच्या पुढं आणखी.

"चाकं घासून रूळ जळलाय." साहेब म्हणाले.

"जळणारच," डॉक्टर भिंतीवरून ओणवून म्हणाले. "ठिणग्या उडतात, साहेब. व्हिडिओ दाखवू?"

दाखवा, साहेब म्हणाले. सगळेच द्या. असतील नसतील तेवढे.

मावशी अजून भिंतीला टेकून होत्या. त्यांना एवढंच दिसत होतं, की साहेब त्या लोकांचे झाले. दोन फोन एकमेकांना चिकटवून देवाणघेवाण चालली होती, आणि डॉक्टर साहेबांना मंडळाच्या वार्षिक सहलीचं बोलावणं देत होते. तेवढ्यात वहिनी एक जुळं खांद्यावर टाकून बाहेर आल्या. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. साहेबांच्या अंगठ्याला लागलेलं काळं त्यांनी पाहिलं, त्यांचा चेहरा पाहिला, आणि मावशींचं कोपर घट्ट धरलं.

"गप्प उभ्या राहा," त्या पुटपुटल्या. "बोलू द्या त्या मेल्याला. त्याला म्हणावं अजून बोल."

मंडळ गेल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. पेला परत देताना ते मावशींना म्हणाले, की आता कारण आहे. तुटला असता रूळ एखाद्या दिवशी, तुमच्या खिडकीशीच.

मावशींनी वळून खिडकीकडे पाहिलं. हे त्यांच्या कुठल्याच अर्जात नव्हतं.

*(मुद्रण नाही.)*

रूळ बदलायला माणसं आली ती तीन दिवस ठोकत होती. जुळ्यांनी त्यातही झोप काढली. ठोकण्याला निदान ताल असतो. त्यानंतर मालगाड्या भट्ट्यांपाशी थांबायला लागल्या, आणि खिडकीमागून एकेक सरसरत जायला लागली. महिनाअखेरीला नर्सबाई आल्या आणि पुढच्या महिन्याचं बोलून गेल्या. वहिनींनी त्या दिवशी बाटल्या लवकर घासून संपवल्या आणि भरदुपारी मुलांच्या रांगेत आडव्या होऊन घोरल्या. घोरण्यानं कुणी उठलं नाही.

मग डॉक्टर आले, भोंग्यांना घेऊन. या वेळी बोळातून नव्हे, पुढच्या दारानं, बूट बाहेर काढून. मावशींनी पदर खोचला. त्यांना वाटलं, भांडण आहे. आवाज मारला म्हणतील. मनात त्यांनी उत्तरंही जुळवून ठेवली होती, काही फार चांगली.

डॉक्टर उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, की खात्याचा हुकूम त्यांनी स्वतः पाहिला. त्यात लिहिलंय, स्थानिक मंडळाच्या ध्वनिमुद्रणांवरून असे आढळून आले. बाई, सरकारी कागदावर आमच्या घसरणी. आजवर कुठल्या मंडळाला हे जमलं? बाहेरगावच्या मंडळांची अभिनंदनं येतायत.

"आणि आवाज?" मावशींनी विचारलं. "तो गेला की हो."

 हा मुद्दा डॉक्टरांच्या ध्यानात आला नव्हता असं नाही, पण त्याला बसायला जागा उरली नव्हती.

"कलेला मोल द्यावं लागतं," ते म्हणाले.

भोंग्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली पितळी पाटी काढली. मंडळाचं नाव, खाली 'या ठिकाणी', त्याखाली बराच मजकूर. ती मागच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला लावायची होती. मावशींची परवानगी हवी होती. डॉक्टरांनी भोक पाडायचं यंत्र आणलं होतं.

मावशींनी यंत्राकडे पाहिलं, मग दाराच्या फटीतून आत, रांगेनं झोपलेल्या मुलांकडे. लावा म्हणाल्या. पण भोक पाडायचं नाही, ठोकायचं नाही. वहिनींनी खेळणी चिकटवायचा डिंक आणून दिला आणि बजावलं, की वाळेपर्यंत सोडायचं नाही, वेळ लागतो.

मग डॉक्टर आणि भोंगे बोळात शिरले. पाटीला डिंक लावला, ती भिंतीला टेकवली आणि दोघांनी चारही पंजांनी दाबून धरली, नाकं भिंतीपासून वीतभर, पाठ रुळांकडे. ऊन चढत होतं. मध्येच एक मालगाडी आली, दोन डिझेल इंजिनांची, आणि न थांबता निघून गेली. दोघांचेही कान हलले असतील, पण मान वळवावी तर पाटी सरकत होती.